विहिरीच्या काठावरचे हसू

पूर्वी रेणुवती नगरीत धनकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व विहिरी खणणाऱ्यांच्या कुळात जन्माला आला, आणि वयात येताच त्या विद्येत इतका निपुण झाला की सारे त्याला नुसते 'आचार्य' म्हणू लागले. रेणुवतीची जमीन वर कठीण मुरमाची आणि दहा-बारा हात खाली गेले की भुसभुशीत रेतीची. तिथे विहीर खणणे म्हणजे जिवाशी खेळ. भिंत कधी सांगून ढासळत नाही, असे लोक म्हणत. बोधिसत्त्व म्हणे, "सांगूनच ढासळते. ऐकणारा हवा, आणि ऐकलेलं बोलणारा हवा."

त्याच्या टोळीत एक रीत होती. खाली खणणाऱ्याला काही खटकले की त्याने "थांबा!" अशी हाक द्यायची. हाक आली की काठावरच्यांनी हातातले काम टाकून दोर ओढायचा आणि त्याला वर घ्यायचे. कशाला ओरडलास, असे कोणी विचारायचे नाही. आधी पाणी द्यायचे. मग बोधिसत्त्व स्वतः खाली उतरे, भिंत चाचपून बघे. बहुतेक वेळा काहीच नसे. वर येऊन तो म्हणे, "काही नाही. बरं झालं," आणि ओरडणाऱ्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवी. हाक खरी निघाली तरी गूळ, फुकट गेली तरी गूळ, आणि खडा तेवढाच. नगरात या टोळीला लोक गूळखाऊ म्हणत.

नवा गडी आला की पहिला महिनाभर त्याला रोज एकदा विहिरीत सोडून, काही कारण नसताना, "थांबा" ओरडायला लावीत. चांगले दांडगे गडी, पण पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडून आवाज फुटत नसे. लाज वाटे. बोधिसत्त्व म्हणे, "कुदळ धरायला हात आठ दिवसांत शिकतो. गळ्याला महिना लागतो."

या टोळीत उत्तिय नावाचा एक खणणारा होता. त्याच्यासारखा कान त्या राज्यात दुसऱ्या कोणाला नव्हता. भिंतीच्या पोटात रेती हलू लागली की सुपातून तांदूळ हळूच घसरावेत तसा आवाज होतो. इतरांना तो भिंत अंगावर येताना ऐकू येई, उत्तियला माणूस वर घेता येईल इतका आधी. अकरा वर्षे तो बोधिसत्त्वाच्या हाताखाली खणत होता आणि अकरा वर्षांत त्या टोळीतला एकही माणूस विहिरीत मेला नव्हता. आपण मुळातच निडर आहोत, असे उत्तियला वाटे. अकरा वर्षे ज्याच्यावर कोणी हसले नाही त्याला तसे वाटणारच.

मग दुष्काळ पडला. ग्रीष्म संपायच्या आत बारा विहिरी झाल्या पाहिजेत, अशी राजाची आज्ञा सुटली. काम दोन टोळ्यांना वाटून दिले: एक बोधिसत्त्वाची, दुसरी गोदत्त नावाच्या नायकाची. गोदत्ताच्या टोळीत काम थांबत नसे. दोन वर्षांत त्याची चार माणसे गाडली गेली होती, पण त्याचे खापर दैवावर फुटले आणि विषय मिटला.

विहिरींवर देखरेख करणारा पुष्कर नावाचा अमात्य होता. तो सभेत म्हणाला, "महाराज, आचार्यांच्या टोळीत गुण असा एकच आहे, आणि तो उत्तियच्या कानात आहे. तो कान गोदत्ताकडे द्या. वेगही राहील, माणसंही वाचतील."

राजाला ते पटले. अशा गोष्टी राजांना लगेच पटतात.

बोधिसत्त्व उठून म्हणाला, "महाराज, उत्तियला न्यायचं तर एकट्याला नेऊ नका. काठावरची दहा माणसंही न्या. एकट्याचा तिथे निभाव लागणार नाही."

"म्हणजे खाली एक कान," पुष्कर म्हणाला, "आणि वर दहा जण गूळ वाटायला!"

सभा हसली. राजाही हसला. बोधिसत्त्वाने तोंड उघडले, मग मिटले आणि तो खाली बसला.

गोदत्ताच्या टोळीतली माणसे दुष्ट होती असे समजू नये. त्यांनी उत्तियला सावलीतली जागा दिली, आपल्या शिदोरीतले लोणचे दिले. तिसऱ्या दिवशी खाली असताना त्याने रेतीचा आवाज ऐकला आणि सवयीप्रमाणे हाक दिली, "थांबा!"

वरून आवाज आला, "काय झालं?"

"रेती हलतेय."

"किती हलतेय?"

हा प्रश्न त्याला अकरा वर्षांत कोणी विचारला नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी त्याला वर ओढले. गोदत्ताने काठावरून वाकून पाहिले. भिंत जागच्या जागी होती.

दुपारी सगळे जेवायला बसले. उत्तियने पहिला घास उचलला तोच पलीकडून एक जण ओरडला, "थांबा! भात सरकतोय!" दुसऱ्याने त्याच्या काखेत हात घालून दोराने ओढावे तसे त्याला वर ओढले. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. उत्तियही हसला. काय करणार?

आठ दिवसांनी त्याने पुन्हा हाक दिली. या वेळी तो वर आल्यावर खरोखरच गाडीभर रेती खाली आली. गोदत्त म्हणाला, "एवढ्यासाठी होय? हे तर इथे रोजचंच आहे," आणि दुसऱ्या गड्याला खाली सोडले. जेवताना पुन्हा तीच थट्टा झाली. खरी हाक आणि फुकट हाक, दोन्हींना सारखेच फळ मिळे. एवढे एक मात्र दोन्ही टोळ्यांत सारखे होते.

पुढे उत्तियच्या ध्यानात आले की ऐकणे आणि ओरडणे यांच्यामध्ये आपण थोडे थांबू लागलो आहोत. आधी एक श्वास. मग कुदळीचे पाच घाव. नक्की होऊ दे, असे तो मनाशी म्हणे. नक्की होईपर्यंत आवाज बहुधा आपोआप थांबे, आणि बरे झाले आपण बोललो नाही, असे त्याला वाटे. दोन महिन्यांत त्याने ब्र काढला नाही. कान होता तसाच तीक्ष्ण होता. त्याचा उपयोग तेवढा उरला नव्हता.

चौथ्या महिन्यात वेणुक नावाचा नवा गडी टोळीत आला. नुकतेच लग्न झालेला, बोलका माणूस. पहिल्याच आठवड्यात तो घाबरून ओरडला, काही निघाले नाही. दुपारी तो ताकाचे भांडे तोंडाला लावत होता, तेव्हा सगळ्यांच्या आधी उत्तियच ओरडला, "थांबा! ताक ढासळतंय!"

असा हशा त्या टोळीत पूर्वी कधी पिकला नव्हता. गोदत्ताने प्रथमच उत्तियच्या पाठीवर थाप मारली. खोटे कशाला सांगावे, ती थाप त्याला गुळापेक्षा गोड लागली. वेणुकही हसला, जसा पूर्वी उत्तिय हसला होता.

दहाव्या विहिरीवर दोघे एकत्र खाली होते. पाणी लागायला दोन हात उरले होते आणि वरची माणसे खुशीत गाणी म्हणत होती. तेवढ्यात उत्तियला तो आवाज आला, तांदूळ घसरावेत तसा, डाव्या भिंतीतून. वेणुकनेही काहीतरी ऐकले असावे. त्याची कुदळ थांबली आणि त्याने उत्तियकडे पाहिले.

वेणुकला ठाऊक होते की या माणसासारखा कान राज्यात नाही. हा गप्प आहे, त्या अर्थी काही नसेल. आणि उत्तियला ठाऊक होते की दुपारचे जेवण जवळ आले आहे. त्याने नजर खाली वळवली आणि घाव घातला. ते पाहून वेणुकनेही घाव घातला. भिंत आली ती त्यानंतर पाच-सहा घावांनी.

उत्तिय दोराच्या बाजूला होता. चिरडलेल्या पायानिशी त्याला बाहेर काढले. वेणुक दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. कुदळ त्याच्या हातात होती.

तोवर त्याची बायको काठावर बसून होती. उत्तियला झोळीत घालून तिच्यापुढून नेत असताना त्याने नेणाऱ्यांना थांबवले आणि सर्वांदेखत म्हणाला, "बाई, मला ऐकू आलं होतं. मी बोललो नाही."

तिने मान वर केली. "का, दादा?"

जेवताना हसतील म्हणून, हे त्याला तिला सांगता आले नाही.

राजाच्या सभेत खटला उभा राहिला. ऐकूनही गप्प बसला तो मारेकरीच, असे पुष्कर म्हणाला, आणि गोदत्ताने मान डोलावली. राजाने बोधिसत्त्वाला बोलावून घेतले. "आचार्य, याला तुम्ही शिकवलंत. एवढीच साक्ष द्या की शिकवण्यात उणं नव्हतं, कसूर या एकट्याची आहे. मग राज्यातल्या साऱ्या टोळ्या मी तुमच्या हाती देतो."

बोधिसत्त्वाला क्षणभर मोह पडला. साऱ्या टोळ्या हाती आल्या तर किती माणसे वाचतील, हे त्याच्याइतके कोणाला कळत होते? पण तो म्हणाला, "महाराज, खोट्या साक्षीवर बसलेल्या नायकाला खरी हाक कोण देईल?"

"मग दोष कोणाचा?"

"उत्तियचा आहे, तो नाकारत नाही. पण माझ्याकडे अकरा वर्षं तो ओरडला, ते तो एकटा ओरडत नव्हता. काठावरची माणसं त्याला ओरडू देत होती. कान त्याचा होता, गळा सगळ्यांचा होता. तुम्ही कान तेवढा उचलून नेलात. जे त्याच्यावर हसले त्यांनाही या दोषात धरा. आणि मलाही धरा. याच सभेत मी म्हणालो होतो की एकट्याला नेऊ नका. तुम्ही हसलात, आणि मी दुसऱ्यांदा बोललो नाही. लोकांना महिना महिना ओरडायला शिकवणारा मी. उत्तिय विहिरीत जसा गप्प बसला, तसाच मी इथे बसलो. वेणुक आमच्या दोघांच्या गप्प बसण्याने मेला."

या वेळी सभा हसली नाही. पण आपल्या हसण्याचा उल्लेख राजाला झोंबला, आणि न्याय तिथेच संपला. उत्तियला हद्दपार केले. बोधिसत्त्वाची टोळी मोडून तिच्यातली माणसे गोदत्ताला दिली. प्रत्येक विहिरीवर काशाची घंटा बांधावी, असे पुष्करने सुचवले. खाली असलेल्याने धोका दिसताच दोर ओढून ती वाजवावी. मात्र उगाच वाजवली तर वीस फटके. दवंडी पिटली गेली आणि लोकांनी पुष्करची वाहवा केली.

उत्तियला चालता येत नव्हते. बोधिसत्त्वाने त्याला पाठीवर घेतले आणि तोही नगर सोडून निघाला. सीमेच्या ओढ्याशी त्याने उत्तियला खाली बसवले, पाणी पाजले आणि कनवटीचा गुळाचा खडा काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

"हा कशाचा, आचार्य?"

"वेणुकच्या बायकोपुढे बोललास त्याचा. हाक उशिरा आली. पण दिलीस."

उत्तियने तो खडा खाल्ला नाही. उन्हात बोधिसत्त्वाच्या पाठीवरून जाता जाता तो त्याच्या मुठीतच विरघळला.

पुढच्या दोन ग्रीष्मांत रेणुवतीच्या विहिरींत आणखी सात माणसे गेली. त्या घंटांचे दोर नव्यासारखे राहिले होते, आणि एका घंटेत चिमण्यांनी घरटे केले होते.

पुढे कित्येक जन्मांनी भिक्षूंचे गुरू असलेल्या शास्त्यांनी ही कथा विहारात सांगितली तेव्हा पाकशाळेचे छत पडून चार दिवस झाले होते. नव्याने आलेल्या एका भिक्षूने तुळई वाकल्याचे सांगितले होते. वडीलधारे त्याच्यावर हसले, म्हणून तो पुन्हा बोलला नाही. त्या छताखाली एक भिक्षू सापडला आणि मेला.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा धनकेतू म्हणजे हा विहार बांधून देणारा श्रेष्ठी. पुष्कर म्हणजे त्याचा कारभारी, गोदत्त म्हणजे पाकशाळेचा प्रमुख. वेणुक म्हणजे ज्याला आपण परवा अग्नी दिला तो. उत्तिय म्हणजे मागे खांबाशी मान खाली घालून बसला आहे तो नवा भिक्षू. आणि विहिरी खणणाऱ्यांचा आचार्य तो मीच."

एका भिक्षूने विचारले, "भन्ते, आणि काठावर हसणारे कोण होते?"

शास्त्यांनी बसलेल्या सर्वांवरून एकदा नजर फिरवली. "ते पुष्कळ होते," ते म्हणाले. "बहुतेक सगळे इथेच आहेत."

या जन्मकथेतला गुण सत्य हा होय. आणि ते निम्मे बोलणाऱ्याकडे असते, निम्मे ऐकून घेणाऱ्यांकडे.