सगळ्यांत भ्यालेलं कोण?

“...पण बाबा, माझ्या शिकवण्यात चूक कुठं झाली, ते तरी सांगाल?”

निमकर मास्तर दर्ग्याच्या पायरीवर उभे होते. इंग्रजीचे मास्तर, शहरातून आलेले, अजून तिशी गाठायची होती. त्यांच्यासारखं इंग्रजी चार गावांत कुणाला येत नाही, असं लोक म्हणत. मास्तरही म्हणत.

दर्गा सांभाळणारे लालशा फकीर चिंचेखाली बसून पोहऱ्याला दोर वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“झालं काय?”

“काय व्हायचंय! हौसा आठ दिवस शाळेत नाही. बाप म्हणतो, उद्या पोरगी वर्गात दिसली नाही तर नाव काढून टाका, शेरडं राखील. अहो, माझ्या वर्गातली सगळ्यांत हुशार पोर! दोनदा घरी गेलो. मला बघून तोंड फिरवते. तुमचं ऐकते म्हणतात...”

“आठ दिसांमागं काय शिकवलंत?”

मास्तरांचा चेहरा खुलला. “तुलना! टॉल, टॉलर, टॉलेस्ट. उंच, त्याहून उंच, सगळ्यांत उंच.”

“काठ्या मांडून?”

“छे! काठ्या कोण ध्यानात ठेवतं? पोरंच उभी केली फळ्यापाशी. आधी उंचीची तीन. मग... रंगाची तीन.”

“हौसा?”

“तिसरी.”

बाबांचा हात थांबला.

“ब्लॅक, ब्लॅकर, ब्लॅकेस्ट... सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.” मास्तरांचा आवाज खाली आला. “बाबा, जिवंत उदाहरण दिलं की पोरांच्या लक्षात राहतं.”

“राहिलं की.”

मास्तर पायरीवर मटकन बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“हौसे,” बाबांनी हाक दिली, “ऐकलंस ना सगळं? ये पुढं.”

दर्ग्याच्या हौदावर हौसा रोज शेरडांना पाणी पाजायला यायची. आजही आली होती, आणि मास्तर दिसताच हौदामागं दडून बसली होती. ती निघाली, तिच्यामागं तिची काळी शेळी निघाली. मास्तरांकडं दोघींनी बघितलं नाही.

“पोरी, आज तू मास्तरीणबाई. मी, हे मास्तर आणि ही शेळी, एवढा तुझा वर्ग.”

बाबा स्वतः उठले, शेळीचा कान धरून रांगेत उभे राहिले. मास्तर बावचळले. पण उठले.

“सगळ्यांत उंच कोण?” बाबांनी रांगेतून विचारलं.

“मास्तर.”

“म्हातारं?”

“तुमी.”

“काळं?”

हौसानं शेळीच्या पाठीवर हात ठेवला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. शेळी चिंचेचा पाला चावत होती.

“ही,” हौसा म्हणाली. मग म्हणाली, “पन तिला कुठं त्याचं काय?”

“बरं. आता सांग, सगळ्यांत भ्यालेलं कोण?”

हौसानं पहिल्यांदा मास्तरांकडं नीट बघितलं. कपाळावर घाम, ओठ सुकलेले, टोपी मुठीत चुरगळलेली.

“हे.”

“कशापायी गं?”

“मी येते का न्हाई, म्हनून.” आणि तिला हसूच फुटलं. तोंडावर हात ठेवला तरी आवरेना.

“चुकलो गं हौसा,” मास्तर म्हणाले.

“येते उद्या. पन मला तिथं उभं नका करू.”

“नाही करणार. कुणालाच नाही.”

मास्तरांनी असा मोठा श्वास सोडला, की शेळी दचकून दोन पावलं मागं सरली. मग तेही हसले. हसता हसता टोपीनंच डोळे पुसले. हौसा शेरडं हाकत घराकडं निघालीसुद्धा, बापाला सांगायला.

मास्तर वहाणा घालता घालता थांबले.

“बाबा, मग तो धडा सोडूनच देऊ?”

“का? शिकवा की. फळ्यापाशी तुम्ही उभे राहा.”

“मी? कितव्या जागेवर?”

बाबांनी दोर पुन्हा हातात घेतला.

“पोरं सांगतील.”