अर्जदार हजर

दादानं हातानं बांधलेली कांदाचाळ दादाची नाही, तर मग कुणाची? खंडूनं कृषी कार्यालयात तीन टेबलांवर विचारलं, प्रत्येकानं पुढच्या टेबलाकडे बोट दाखवलं. दादा जाऊन महिना झाला होता आणि वहिनीला मिळायचं चाळीचं अनुदान अडलं होतं.

शेवटच्या टेबलावरचे कृषी अधिकारी पडवळसाहेब म्हणाले, "अर्जदारानं स्वतः चाळीसमोर उभं राहून फोटो द्यायचा. मेलेल्याला अनुदान नाही."

खंडू तडकून उठला, पण दाराजवळच्या लाभार्थी यादीपाशी थबकला. चौथी नापास गडी, बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचू लागला.

"साहेब, यंदा ठिबकच्या यादीत सरपंचांचे वडील आहेत. त्यांनीपण उभं राहूनच फोटो दिला का?"

"अर्थात. त्याशिवाय पैसे सुटतच नाहीत."

"त्यांच्या तेराव्याला बुंदी मीच वाढली होती, तीन वर्षांपूर्वी. तेवढा त्या फोटोग्राफरचा पत्ता द्या. आमच्या दादालाही उभा करतो."

रांगेतली माणसं पोट धरून हसली. साहेबांना वारसाचा नियम लगेच सापडला.

दुसऱ्या दिवशी वहिनी फोटोसाठी चाळीसमोर उभी राहिली. खंडूनं घरातून दादाची तसबीर आणून तिच्या शेजारी, दारावर टांगली. हार मात्र काढून खिशात ठेवला.