पिटकी बेडकीचा डराँव

बालवाडीत होती एक पेटी. कॉम्प्युटरची पेटी. पांढरी, जाडजूड, ठेंगणी.

ठेंगण्या पेटीच्या पोटात आणखी एक पेटी. एवढीशी. हाताला लागायची नाही, काचेवर फक्त दिसायची.

एवढ्याशा पेटीत एवढंसं तळं. तळ्यात राहायची पिटकी बेडकी. हिरवीगार. नखाएवढी.

पण आवाज केवढा? डराँव. एवढा मोठा.

मुलं काचेवर बोट ठेवायची. पिटकी म्हणायची, डराँव. मुलं हसायची. मग पिटकी गाल फुगवून बसायची, ऐटीत.

एक दिवस काय झालं? पिटकीने तोंड उघडलं आणि डराँव आलाच नाही. आतल्या आत बोलता यायचं. बाहेरचा भोंगा मात्र गप्प.

आणि आजच सुगी येणार होती. पहिला दिवस. सुगी तीन वर्षांची. नाव घालायला आली तेव्हा आईच्या कडेवरून उतरेचना. पिटकीचा डराँव ऐकला तेव्हा कुठे हसली.

आता डराँवच नाही. मग सुगी उतरणार कशी? रडत रडत घरी जाईल की ती.

पिटकी निघाली. टुपुक टुपुक टुपुक.

वाटेत भेटला आवाजदादा. टोपली घेऊन बसलेला. सगळ्यांचे आवाज टोपलीत भरायचे आणि भोंग्यापर्यंत न्यायचे, हे त्याचं काम.

"आवाजदादा, आवाजदादा, ने ना.
तू नेशील, मग माझा डराँव येईल."

आवाजदादाने मिशीवरून हात फिरवला. आजवर वाटेत एक आवाज सांडला नाही म्हणाला. पण आपण छोट्या पेटीत, भोंगा मोठ्या पेटीत. मधे हा एवढा खड्डा.

"मी नेईन. पण आधी पूलताई पसरू दे."

पिटकी निघाली. टुपुक टुपुक टुपुक.

पूलताई होती गुंडाळलेली. चटईसारखी.

"पूलताई, पूलताई, पसर ना.
तू पसरशील, मग आवाजदादा नेईल.
आवाजदादा नेईल, मग माझा डराँव येईल."

पूलताईने नाक वर केलं. माझ्यावरून ढोल गेला, ताशा गेला, तरी मी वाकले नाही, म्हणाली. पण दार बंद. दुसरं टोक टेकवू कुठे?

"मी पसरेन. पण आधी दारमामा उघडू दे."

पिटकी निघाली. टुपुक टुपुक टुपुक.

दारमामा उभा होता दोन्ही पेट्यांच्या मधे. कमरेला किल्ल्या. छुन छुन छुन. त्याला विचारल्याशिवाय इकडची मुंगी तिकडे जायची नाही.

"दारमामा, दारमामा, उघड ना.
तू उघडशील, मग पूलताई पसरेल.
पूलताई पसरेल, मग आवाजदादा नेईल.
आवाजदादा नेईल, मग माझा डराँव येईल."

पण दारमामा आज हलत होता. डुग डुग डुग. खाली पायाच नव्हता ना. उघडायला गेलो तर तोंडावर आपटेन, म्हणाला.

"मी उघडेन. पण आधी पाया बसू दे."

पिटकी निघाली. टुपुक टुपुक टुपुक. दारमामाने नखाएवढ्या पिटकीला खालच्या फटीतून सोडलं. हळू हं पिटके, घसरशील.

पायाकाका चौकोनी. पोट सुटलेले. खळग्यात अर्धे आत, अर्धे बाहेर.

"पायाकाका, पायाकाका, बसा ना.
तुम्ही बसाल, मग दारमामा उघडेल.
दारमामा उघडेल, मग पूलताई पसरेल.
पूलताई पसरेल, मग आवाजदादा नेईल.
आवाजदादा नेईल, मग माझा डराँव येईल."

काका म्हणाले, अगं, सकाळपासून बसतोच आहे मी. बसवतच नाही.

"मी बसेन. पण आधी गाभेबाई जागा देऊ देत."

पिटकी निघाली. टुपुक टुपुक टुपुक.

गाभेबाई बसायच्या पेटीच्या अगदी मधोमध. सगळ्यांच्या आधी उठायच्या. ज्याला त्याला जागा द्यायच्या. चष्मा लावून, नीट बघून.

"गाभेबाई, गाभेबाई, जागा द्या ना.
तुम्ही जागा द्याल, मग पाया बसेल.
पाया बसेल, मग दारमामा उघडेल.
दारमामा उघडेल, मग पूलताई पसरेल.
पूलताई पसरेल, मग आवाजदादा नेईल.
आवाजदादा नेईल, मग माझा डराँव येईल."

गाभेबाईंनी चष्मा पुसला आणि लांबूनच पायाकाकांकडे बघितलं. पायाकाकांच्या कडेला खाच होती. उजवीकडे. खळग्याची खाच होती डावीकडे.

"हे तर थोरले पायाकाका. पलीकडच्या खोलीतल्या उंच पेटीचे. आपली पेटी ठेंगणी. कसे बसतील?"

"तरीच मला टोचतंय," थोरले पायाकाका म्हणाले.

झालं होतं असं. काल बालवाडीच्या रुक्माताईंनी उंच आणि ठेंगण्या, दोन्ही पेट्यांत नवं सामान भरलं. दोन्ही पाये दिसायला सारखे. घाईत इकडे उंच पेटीच्याच पायाचं नाव दाबलं. ठेंगण्या पेटीचे धाकटे काका राहिले आतल्या कपाटात. झोपलेले. घुर्र घुर्र.

गाभेबाई म्हणाल्या, "मी जागा देईन. पण आधी धाकटे काका उठू देत. रुक्माताईंनी नाव दाबलं, की ते उठतात."

पिटकी निघाली. टुपुक टुपुक टुपुक. थेट काचेपाशी.

बाहेर रुक्माताई. कपाळावर हात. आणि दारात कोण? सुगी आली. आईच्या कडेवर. आईचा पदर घट्ट धरलेला. डोळ्यांत पाणी, टपटप पडायच्या बेतात.

पिटकीने मोठ्ठा श्वास घेतला.

"रुक्माताई, रुक्माताई, नाव दाबा ना.
तुम्ही नाव दाबाल, मग धाकटे काका उठतील.
धाकटे काका उठतील, मग गाभेबाई जागा देतील.
गाभेबाई जागा देतील, मग पाया बसेल.
पाया बसेल, मग दारमामा उघडेल.
दारमामा उघडेल, मग पूलताई पसरेल.
पूलताई पसरेल, मग आवाजदादा नेईल.
आवाजदादा नेईल, मग माझा डराँव येईल."

पण काचेबाहेर एक अक्षर गेलं नाही. जाणार कसं? आवाजच नव्हता ना.

रुक्माताईंनी पायाच्या नावांची यादी उघडली. काचेवर दोन नावं आली. वर, उंच पेटी. खाली, ठेंगणी पेटी. रुक्माताईंचं बोट निघालं वरच्या नावाकडे. परत तीच चूक.

पिटकीने मारली उडी. टुपुक. बसली खालच्या नावावर.

"सरक गं बाई," रुक्माताई म्हणाल्या. "कामात मधे मधे नको."

पिटकी सरकली नाही.

रुक्माताईंनी तिला बाजूला केलं. पिटकी परत आली. टुपुक. परत खालच्याच नावावर. परत बाजूला केलं. परत आली. टुपुक. चारी पाय रोवून बसली.

रुक्माताईंनी पिटकीकडे पाहिलं. नावाकडे पाहिलं. मग पेटीकडे पाहिलं.

"अगं, ही पेटी ठेंगणीच की. शहाणी गं माझी."

आणि बोट ठेवलं. टक्.

धाकटे काका उठले. आळोखेपिळोखे.
गाभेबाईंनी थोरल्यांना बाजूला केलं, जागा दिली. या, बसा.
पाया बसला. धप्प.
दारमामाने उघडलं. करकर करकर.
पूलताई पसरली. सर्रर्र.
आवाजदादाने टोपली उचलली. धावला. थप थप थप थप.

आणि भोंग्यातून आला, डराँव.

सुगीने मान वळवली. काचेकडे पाहिलं. पदर सोडला. आधी एक पाय खाली. मग दुसरा पाय खाली. चालत गेली, आपली आपण. काचेवर बोट ठेवलं.

डराँव.

सुगी हसली. सगळी मुलं हसली. सुगीच्या आईने डोळे टिपले आणि चपला घातल्या.

आत आवाजदादा म्हणाला, मी आणला. पूलताई म्हणाली, माझ्यावरून आणला. दारमामा म्हणाला, मी उघडलं म्हणून. थोरले पायाकाका निघाले उंच पेटीत, आपल्या जागी. जाता जाता म्हणाले, मीही सकाळपासून अवघडून होतो बरं का.

रुक्माताईंनी मुलांना सांगितलं, "माझं चुकलं होतं. बरोबर नाव आपल्या पिटकीने दाखवलं."

पिटकीने गाल फुगवले. एवढे फुगवले, एवढे फुगवले, की डोळेच दिसेनात.

डराँव पोचला भोंग्यात,
सुगी बसली रांगेत,
गोष्ट आली कुशीत.