शेवाळाची सोबत

फार जुनी गोष्ट नाही, पण माशांच्या आयुष्याच्या मानाने अगदी पुराणातली. हेमांगी नावाच्या मुलीने पाणी तपासणारा, तरंगता पिवळा बोया बनवला आणि तळ्याच्या मधोमध साखळीने बांधला. निघताना म्हणाली, "नीट राहा. पाणी कसं आहे तेवढं कळवत जा."

बोया दर पाव तासाने पाण्यातला प्राणवायू मोजून कळवी. तो स्वतः कसा आहे, हे कुणी विचारलं नाही. आकडे चांगले होते, त्यामुळे सहा महिने कुणी फिरकलंही नाही.

मग शेवाळ आलं. बोयाच्या पोटाला बिलगून ते दिवसभर बडबडे. बोयाला फार बरं वाटलं.

एका सकाळी म्हातारी रोहू धापा टाकत वर आली. "पोरांना श्वास पुरेना रे! कळवलंस का?"

"पण पाणी तर छान आहे, मावशी."

"अरे, तुझ्या पोटाला चिकटलेलं शेवाळ प्राणवायू सोडतं, तोच मोजतोयस तू!"

शेवाळ हळूच म्हणालं, "खरं कळलं तर मला खरवडतील हं."

बोयाने पुढचा आकडा पाठवलाच नाही.

तासाभरात होडी आली. "इतके दिवस बोलत होतास तेव्हा आले नाही," हेमांगी ब्रशने शेवाळ खरवडत म्हणाली, "आणि गप्प बसलास तर धावत आले बघ."

खरा आकडा गेला, काठावरचे हवेचे पंप सुरू झाले, रोहूची पोरं वाचली. होडी परतली.

बोया अजूनही इमानाने कळवतो. महिन्यातून एकदा मात्र, काहीही बिघडलेलं नसताना, तो एक आकडा गाळतो आणि काठाकडे बघत राहतो.