टोपलीचा पहिला घास

ऐका मंडळी. लहानांनी पुढे सरकावं, मोठ्यांनी भिंतीला पाठ टेकावी. गोष्ट दोघांचीही आहे.

पुष्कळ काळ लोटला त्याला. एक राज्य होतं. तिथल्या राजाचं नाव आता कुणाला आठवत नाही, पण तिथला एक खेळ मात्र आठवतो. मैदानाच्या दोन टोकांना दोन उंच खांब, प्रत्येक खांबावर एक वेताची टोपली, आणि पाच-पाच गड्यांचे दोन संघ. चेंडू छातीशी धरून पळायचं नाही. एकमेकांकडे देत देत पुढे न्यायचा आणि समोरच्या टोपलीत टाकायचा. बस्स, एवढाच खेळ! पण त्यापायी अख्खं राज्य खुळावलं होतं.

दर चैत्रात राजधानीत सामने भरत. गावोगावच्या पाठशाळा आपापले विद्यार्थी घेऊन येत. हरेल ती पाठशाळा घरी जाई, जिंकेल ती पुढे खेळे, आणि शेवटी दोनच उरत.

नदीकाठच्या पाठशाळेत हिराजी नावाचा एक विद्यार्थी होता, नावाड्याचा मुलगा. इतका उंच, की दारातून वाकून आला तरी कपाळाला टेंगूळ ठरलेलं. त्याचा जिवलग मित्र गोंदा. तो बुटका, गुबगुबीत आणि बोलण्यात भारी तिखट. हिराजीनं चेंडू टोपलीत टाकायचा आणि गोंदानं तो त्याच्या हातात पोचवायचा, असं दोघांचं जमलं होतं. हिराजी कुठे उभा आहे हे गोंदा बघतसुद्धा नसे. "आलो रे!" अशी हाक कानावर पडली, की चेंडू निघालाच म्हणून समजा.

त्या पाठशाळेत एक जुनी रीत होती. सामन्यानंतर सगळे एकाच परातीभोवती लापशी खायला बसत. ज्यानं शेवटची टोपली साधली असेल त्यानं आधी स्वतः खायचं नाही. ज्यानं त्याच्या हातात चेंडू दिला, त्याला पहिला घास भरवायचा. हिराजी दरवेळी गोंदाला एवढा मोठा घास भरवी, की गोंदाला हसताही येत नसे आणि बोलताही येत नसे.

"तेवढाच घटकाभर गप्प बसतो हा," असं गुरुजी म्हणत.

आता त्या काळी राजाचा नियम असा होता, की खेळणाऱ्या विद्यार्थ्यानं एक कवडीही घ्यायची नाही. का, तर म्हणे विद्येच्या ठिकाणी पैसा नको. आणि सामन्यांच्या जत्रेत हलवायाची चांदी, मंडपवाल्याची चांदी, जकात राजाच्या खजिन्यात! एका वर्षी राणीसाहेबांनी पाहिलं, तर ज्याच्यासाठी सगळे घसा फोडून ओरडत होते तोच पोरगा जिलबीच्या दुकानासमोर नुसता वास घेत उभा. राणीसाहेब कडाडल्या, "पळतंय कोण आणि पोट कुणाचं सुटतंय? लाज वाटू द्या जरा!"

राजाला लाज वाटली. त्यानं नियम मोडून टाकला. ज्याला द्यायचंय त्यानं द्यावं, ज्याला घ्यायचंय त्यानं घ्यावं. आणि खरं सांगू? बरंच झालं. पोरांचा घाम फुकट थोडाच होता?

पण मग आले नगरशेठ. वाईट माणूस नव्हे हं! कापडाचा मोठा व्यापारी, सढळ हाताचा, आणि खेळाचा असा वेडा, की सामन्यानंतर तो घरच्यांशी खुणांनीच बोले, कारण ओरडून ओरडून आवाज बसलेला. पेठेतल्या पाठशाळेनं एकदा तरी जिंकावं, हाच त्याला ध्यास. त्यानं काय केलं, प्रत्येक पाठशाळेतला टोपलीत चेंडू टाकणारा सगळ्यात पटाईत गडी हेरला आणि त्याला पेठेत बोलावलं. करार एका ओळीचा. जो टोपली साधेल त्याला टोपलीमागे एक मोहर.

बोलावणं हिराजीलाही आलं.

हिराजीच्या घरची नाव कुजली होती. वडील वल्हं मारीत आणि आई तांब्यानं पाणी उपशी, तेव्हा कुठे उतारू पलीकडे पोचत. एके दिवशी तीही नाव बसली चिखलात, ती उठलीच नाही. नव्या नावेशिवाय घरात चूल पेटणं कठीण होतं. हिराजी खाली मान घालून गुरुजींसमोर उभा राहिला.

गुरुजी म्हणाले, "मान वर कर आधी. कष्टाचे पैसे घेण्यात पाप कसलं? जा बाळा, नाव बांध."

गोंदा म्हणाला, "जा की. माझं काय अडलंय? मी चेंडू खांबाकडे देईन. खांब तुझ्यापेक्षा शहाणा आहे." आणि तोंड फिरवून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागला. हिराजीलाही भडभडून आलं. पण तो गेला.

पेठेतल्या पाठशाळेचा थाट काय वर्णावा! मऊ गाद्या, अंगाला चोळायला तेल, जेवायला प्रत्येकाला वेगळं चांदीचं ताट, त्यात श्रीखंड. संघही तसाच, पाचही गडी पटाईत. पण पहिल्याच सामन्यात हिराजी टोपलीखाली हात उंचावून "आलो रे! आलो!" ओरडत राहिला आणि चेंडू काही येईना.

"अरे, मी मोकळा होतो ना!" सामन्यानंतर तो म्हणाला.

"होतास की," त्याचा सोबती सरळ मनानं म्हणाला. "पण भाऊ, तुला दिला असता तर मोहर तुला मिळाली असती. मला काय मिळालं असतं?"

लपवून काय ठेवायचं, पुढे पुढे हिराजीही तसाच खेळू लागला. चेंडू हाती आला की तो आपला, सोडायचा नाही. संघ जिंकत होता, कारण एकेक गडी दांडगाच होता. हिराजीच्या मोहरांतून नावेचा तळ झाला, एक बाजू झाली. दुसरी बाजू राहिली होती. अर्धी नाव काठावर आडवी पडलेली, आणि वडील रोज तिच्यावर हात फिरवून येत.

जेवताना मात्र हिराजीला चमत्कारिक वाटे. चांदीच्या ताटातला पहिला घास तो उचली आणि इकडेतिकडे बघे. मग आपल्याच तोंडात घाली. श्रीखंड गोड होतं, पण त्याला काही गोड लागत नव्हतं.

शेवटच्या सामन्याला समोर कोण आलं असेल? नदीकाठची पाठशाळा! हिराजी गेल्यावर ती पहिल्याच फेरीत घरी जाणार असं सगळे म्हणत होते. पण त्या पोरांनी चेंडू असा फिरवला, असा फिरवला, की समोरच्यांना चक्कर यावी. गोंदा मैदानात आला आणि हिराजीकडे न बघता म्हणाला, "श्रीखंडानं जड झालास रे तू."

सामना बरोबरीत चालला. इकडे एकेकटे दांडगे, तिकडे एकमेकांना सांभाळणारे साधे. नगाऱ्यावर टिपरू पडलं की सामना संपणार, आणि नगारेवाल्यानं टिपरू उचललंही होतं. हिराजी समोरच्या टोपलीखाली एकटा, मोकळा. त्याच्या पुढ्यात त्याचे दोन सोबती एकाच चेंडूला धरून झोंबत होते. "मी टाकतो!" "सोड, मी टाकतो!"

"आलो रे! आलो!" हिराजी जिवाच्या आकांतानं ओरडला.

त्या दोघांच्या ओढाताणीत चेंडू निसटला आणि पडला तो नेमका गोंदाच्या हातात. त्याच क्षणी गोंदाच्या कानावर पडली ती हाक. लहानपणापासून ऐकलेली हाक! त्यानं ना पाहिलं, ना विचार केला. चेंडू निघाला आणि थेट हिराजीच्या हातात जाऊन बसला.

हिराजीचे हात तरी कुठले थांबायला? चेंडू आला तसा वर गेला आणि टोपलीत पडला. नगारा वाजला.

"अरे देवा!" गोंदानं कपाळावर हात मारून घेतला. "हे काय करून बसलो मी!"

पेठेची पाठशाळा जिंकली. फटाके काय, गुलाल काय! मैदानाच्या कडेलाच चांदीच्या ताटांची पंगत बसली. नगरशेठ तर स्वतः पळी घेऊन वाढायला उभे राहिले. शेवटच्या टोपलीची मोहर त्यांनी हिराजीच्या ताटाशेजारी ठेवली. हिराजीनं घास उचलला. घास हातातच राहिला.

मग दुसऱ्या हातानं मोहर कनवटीला खोचून तो उठला. श्रीखंड कोपरापर्यंत ओघळतंय, आणि हा तसाच घास हातात धरून अख्खं मैदान ओलांडून चाललाय! लोक हसायला लागले. नगरशेठ पळी घेऊन मागोमाग निघाले, वेड लागलं की काय पोराला?

नदीकाठची मंडळी परातीभोवती बसली होती. गोंदा गुडघ्यात मान घालून बसलेला. हिराजी त्याच्यापुढे बसला.

"आ कर."

"जा इथून."

"रीत आहे, गोंदा. चेंडू तू दिलास. अख्ख्या जत्रेत मला चेंडू देणारा तू एकटाच निघालास."

गोंदानं मान वर केली. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर शिवी. पण शिवी बाहेर पडायच्या आत घास तोंडात गेला, पूर्वीसारखाच मोठा. मग दोघंही एकदमच हसायला आणि रडायला लागले.

"गुरुजी, या गोंदाला रागवा तरी!" संघातलं कुणीतरी म्हणालं. "यानं आपल्याला हरवलं!"

गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "कसा रागावू? मोकळ्या हाताला चेंडू द्या, हेच मी जन्मभर शिकवत आलो. पोरानं ऐकलं. एवढंच, की जरा जास्तच ऐकलं."

नगरशेठ पळी धरून तसेच उभे होते. हळूच त्यांनी विचारलं, "हिराजी, आपल्या संघात तुला कुणीच चेंडू देत नव्हतं?"

"नाही, शेठजी. आणि मीही कुणाला देत नव्हतो."

"का रे?"

"तुम्ही मोहर टोपलीला लावली होती, शेठजी. देणाऱ्या हाताला काहीच लावलं नव्हतं."

शेठजी मटकन खाली बसले. "अरे, मी कापडाचा व्यापारी! जरीचे पैसे मोजले आणि सुताचे द्यायलाच विसरलो की!" मग ते परातीकडे बघून म्हणाले, "थोडी लापशी मिळेल का?" गोंदानं सरकून जागा करून दिली.

हिराजीनं मोहर काढली. "यातली अर्धी तुझी, गोंदा."

"माझी ना? मग माझ्या वाट्याची वल्ही घे. नाहीतर नाव बांधशील आणि हातानं पाणी मारत बसशील."

पुढच्या चैत्रापासून टोपलीमागे मोहर बंद झाली. राजाच्या हुकुमानं जत्रेच्या उत्पन्नातून प्रत्येक पाठशाळेच्या प्रत्येक खेळाडूला सारखा वाटा मिळू लागला, टोपली साधणाऱ्याला आणि चेंडू देणाऱ्याला, अगदी बाहेर बसून राहणाऱ्यालासुद्धा. नगरशेठ खूश होऊन बक्षीस देत, ते संघाच्या परातीत ठेवत. हिराजी नदीकाठी परतला. नावेची दुसरी बाजू उभी राहिली, वल्ही आली, नाव पाण्यात उतरली. गोंदा नावेत बसला की हिराजीचे वडील आधी दरडावून भाडं मागत, आणि त्यानं कनवटीला हात घातला की त्याचा हात धरून हसत. आणि पेठेतल्या पाठशाळेत चांदीची ताटं फडताळात गेली, त्यांच्या जागी एक मोठी परात आली.

मंडळी, या गोष्टीचं सांगणं एवढंच: कष्टाचा मोबदला जरूर द्यावा, पण टोपली साधणाऱ्याला देताना चेंडू देणाऱ्या हाताला विसरलं, तर पैसा पोचतो आणि खेळ मोडतो.