अकरा मिनिटांचं छत

“अन् अर्धं असताना?” दस्तगीरमास्तरांनी विचारलं.

“अर्धं म्हणजे?”

“म्हंजे उघडं न्हाई, मिटलेलं न्हाई. मधीच.”

सुकुमार मगदूम हसला. “मास्तर, मधे ते फक्त अकरा मिनिटं असतं.”

“अकरा मिनिटं...” मास्तर म्हणाले, आणि बशीतला चहा फुंकत बसले.

छत एका नव्या स्टेडियमचं होतं. खाली तीस हजार माणसांची बैठक. ऊन असेल तेव्हा छत उघडं, कारण मैदानातल्या गवताला ऊन लागतं. पाऊस आला की दोन्ही बाजूंनी सरकत यायचं आणि मधोमध मिटायचं. सुकुमारनं त्यासाठी अडीच वर्षं खर्ची घातली होती. वय बत्तीस. मुख्य डिझायनर म्हणून नकाशावर पहिल्यांदाच त्याचं नाव लागणार होतं. उद्या सकाळी अकराला पुण्यात सही.

आणि आज भर मेमध्ये त्याच्या साहेबीणबाईंनी, गोगटेबाईंनी, त्याला मिरजेला पिटाळलं होतं.

“आधी मास्तरांना दाखव. ते हो म्हणाले तर सही कर,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

मास्तर कोण, तर चाळीस वर्षं सर्कशीचा तंबू उभारणारे गृहस्थ. शिक्षण चौथी पास. गोगटेबाई कॉलेजात असताना एका सुट्टीत महिनाभर त्यांच्या खलाशांबरोबर, म्हणजे तंबू ताणणाऱ्या गड्यांबरोबर, दोर ओढायला गेल्या होत्या, आणि अजूनही छताचा विषय निघाला की स्वतःच्या परदेशी पदवीआधी त्या मास्तरांचं नाव घेत. सुकुमारला याचा अर्थ कधी कळला नव्हता. आज तर सरळ अपमानच वाटत होता.

इंजिनिअरला राग आला की तो आकडे सांगू लागतो.

“दोन हजार चारशे टन वजन आहे,” त्यानं लॅपटॉप उघडत सांगितलं. “चौसष्ट चाकं. प्रत्येक चाकाला वेगळी मोटर. पूर्ण उघडं असताना ताशी दोनशे किलोमीटरचा वारा सोसतं. पूर्ण मिटलेलं असताना तेवढाच सोसतं. सगळं तपासलंय.”

मास्तरांनी पडद्याकडे बघितलंच नाही. त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

“अन् अर्धं असताना?”

सुकुमारनं लॅपटॉप मिटला.

“मास्तर, वारा असला तर धोक्याचा भोंगा वाजतो. माणूस बसलेला असतो तिथे, तो ठरवेल. पण पावसाचं तसं नाही. पावसाला सेन्सर आहे. पहिला थेंब पडला की छत आपोआप सरकायला लागतं. मालकांशी करारच तसा आहे. मैदानात पाणी नाही, खेळ थांबणार नाही.”

“पहिल्या थेंबाला?”

“पहिल्या थेंबाला.”

“झ्याक,” मास्तर म्हणाले, आणि उठून अंगणात गेले.

अंगणभर मिरच्या पसरल्या होत्या. वर्षाची चटणी व्हायची होती. हलीमाचाची, म्हणजे मास्तरांच्या बायको, पदर नाकाला लावून त्या उलट्यापालट्या करत होत्या आणि तरीही शिंकत होत्या. वर एका भिंतीपासून समोरच्या दोन बांबूंपर्यंत दोन तारा ताणलेल्या. तारांत कड्या, कड्यांना जुन्या तंबूचं जाड कापड. ते आत्ता भिंतीशी गोळा झालं होतं. एक दोरी ओढली की ते सरकत अंगणावर यायचं, सोडली की मागे जायचं.

सुकुमार बघतच राहिला. “अहो, हे तर माझंच छत!”

“तुझं कसं?” चाची म्हणाल्या. “चौदा वर्सं झाली त्याला.”

सुकुमार मनापासून हसला. आल्यापासून पहिल्यांदाच त्याला तिथे बरं वाटलं.

मास्तर दक्षिणेकडे बघत होते. म्हैसाळच्या बाजूला आभाळ शाईसारखं झालं होतं. वळीव येणार हे सांगायला मास्तरांची गरज नव्हती. शेजारच्या गच्चीवर कपडे काढायची घाई सुरू झाली होती.

“अवो, कापड वढा की,” चाची म्हणाल्या. “वर काळं झालंय.”

“न्हाई,” मास्तर म्हणाले. “आज छत सायबांचं हाय. सायबांच्या नियमानं मिटंल.” त्यांनी दोरीचं टोक सुकुमारच्या हातात दिलं. “पैला थेंब पडला की वढायचं. आधी न्हाई.”

“अन् माझ्या मिरच्या?” चाची म्हणाल्या.

“सायबांना इचार.”

“अजिबात काळजी करू नका, चाची,” सुकुमार म्हणाला. “एकही मिरची भिजणार नाही.”

दोरी घट्ट धरता यावी म्हणून त्यानं ती मनगटाला दोन वेढे घेऊन गुंडाळली. मास्तरांनी ते पाहिलं. मग जिथे कापड भिंतीला बांधलं होतं, त्या गाठीपाशी जाऊन उभे राहिले.

चाचींचा मात्र साहेबांवर भरवसा नव्हता. त्या दुरडी घेऊन बांबूंच्या पायथ्याशी बसल्या आणि मिरच्या भरायला लागल्या.

आधी वारा आला.

धूळ उठली. पत्र्याची बादली गडगडत न्हाणीघरापर्यंत गेली. मिरच्यांची पहिली रांग जागची हलली.

“ओढू?” सुकुमार ओरडला.

“थेंब पडला?”

“नाही.”

“मग गप ऱ्हा.”

वारा वाढला. बांबू करकरले. सुकुमारनं हात पुढे करून तळवा आभाळाकडे धरला. अडीच वर्षं ज्या थेंबाचा विचार केला, तो पडावा म्हणून तो मनातल्या मनात देवाला विनवू लागला.

“आता?”

“थेंब?”

“नाही हो!”

“मग?”

आणि टपकन एक मोठा थेंब त्याच्या तळव्यावर पडला.

“पडला!” सुकुमारनं आनंदानं आरोळी ठोकली आणि दोरी ओढली.

कापड झरझर सरकलं. पहिले चार हात तर इतकं सुरेख सरकलं, की त्यानं मान वळवून मास्तरांकडे बघितलं. अंगणाच्या मध्यावर कापड आलं, आणि वारा त्याच्या पोटात शिरला.

मग जे झालं ते फार झटपट झालं. कापड टम्म फुगलं. दोरी ताठ झाली. सुकुमार उभ्याउभ्या मिरच्यांवरून घसरत अंगणाच्या पलीकडे निघाला. चार शिंका आल्या, त्या कुणी ऐकल्या नाहीत.

“सोड!” मास्तर ओरडले.

“सुटत नाही!”

मनगटाभोवतीचे वेढे आवळले होते. त्यानं मान वर केली. उजवीकडचा बांबू बुंध्यातून हलला होता आणि हळूहळू पुढे वाकत होता. त्याच्या बरोबर खाली दुरडी घेऊन चाची बसल्या होत्या. त्यांचं वर लक्षच नव्हतं.

“चाची...!”

मास्तरांनी गाठीचं एक टोक ओढलं. एवढंच. गाठ फुसकन सुटली. कापडाची भिंतीकडची कड मोकळी झाली, कड्या खणखणत तारांवरून पळाल्या, आणि सगळं कापड एका टोकाला निशाणासारखं फडफडू लागलं. दोरी सैल पडली. बांबू आहे तिथे थांबला.

आणि मग पाऊस आला. धो धो. मिरच्यांवर, दुरडीवर, चाचींवर, मास्तरांवर आणि पालथ्या पडलेल्या मुख्य डिझायनरवर.

“या अल्ला, माझ्या मिरच्या!” चाची किंचाळल्या.

मास्तर भिजत उभे होते आणि हसत होते.

स्वयंपाकघरात तिघं टॉवेल घेऊन बसले. सुकुमारच्या मनगटावर लाल वळ उठला होता. चाची त्यावर हळद लावत होत्या आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. हे असले कसले इंजिनिअर, साधं कापड मिटवता येत नाही, वर शब्द देतात, आणि या म्हाताऱ्याला तरी अक्कल नको का, वर्षाची चटणी गेली, आता जेवा नुसती कोरडी भाकरी. मास्तर चहाचे भुरके मारत मोठ्या खुशीत ऐकत होते.

तो वाकलेला बांबू सुकुमारच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. आपल्याला भीती वाटली, आणि ती आपल्यासाठी वाटली नाही, हे त्याला स्पष्ट कळत होतं.

“मास्तर,” तो म्हणाला, “पावसाच्या आधी वारा येतो.”

“येतो.”

“म्हणजे माझं छत बरोबर वाऱ्यात हलायला लागणार. आणि अकरा मिनिटं अर्धं राहणार.”

मास्तरांनी भुरका मारला.

“मी अर्धं कधी तपासलंच नाही.”

मास्तरांनी बशी रिकामी केली.

“आणि त्यात ते अडकलं तर? एक चाक जरी बसलं तर?”

“अगं, आणखी च्या हाय का?” मास्तरांनी विचारलं.

“न्हाई!” चाची म्हणाल्या, आणि तिघांच्याही कपांत ओतला.

सुकुमारनं पिशवीतून नकाशा काढला. कोपरा ओला झाला होता. त्यानं पेन्सिलीनं ‘पहिल्या थेंबाला’ हे शब्द खोडले. तिथे लिहिलं: आभाळ बघून, वारा सुटायच्या आधी मिटवणे. खाली लिहिलं: दर दहा मीटरला कुलूप, वारा ताशी चाळीसच्या वर गेला की छत जवळच्या कुलपात बसेल आणि हलणार नाही. मग दुसऱ्या बाजूला एक लांबलचक आकडेमोड मांडली, आणि मांडताना त्याचा चेहरा उतरत गेला.

“मधल्या प्रत्येक जागी पुन्हा तपासायचं तर दोन महिने लागतील,” तो म्हणाला. “उद्या सही होत नाही.”

“बरं.”

“बरं काय, मास्तर? उद्या सगळे येणार आहेत. मालक येणार आहेत. मी उभा राहून सांगणार की माझं चुकलं?”

“उभा ऱ्हाऊन कशाला? बसून सांग.”

चाची फिसकन हसल्या. सुकुमारलाही हसू आलं, आणि हसल्यावर जरा मोकळं वाटलं. त्यानं गोगटेबाईंना फोन लावला.

“दाखवलंस?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“काय म्हणाले?”

“काहीच नाही. त्यांच्या मिरच्या भिजल्या.”

पलीकडे बाई इतक्या मोठ्यानं हसल्या, की चाचींनी मान वळवली.

“सही?” हसू आवरल्यावर बाईंनी विचारलं.

“उद्या नाही, बाई. दोन महिन्यांनी.”

“मालकांना तू सांगणार की मी सांगू?”

“मीच सांगतो.”

“ये मग,” बाई म्हणाल्या. “आणि येताना मास्तरांकडून ती गाठ शिकून ये. मला अजून नीट येत नाही.”

पाऊस जसा आला तसा गेला. चाचींनी ओल्या मिरच्या झाडून गोळा केल्या, धुतल्या आणि ओसरीच्या कोरड्या जमिनीवर परत पसरायला घेतल्या. उद्याचं ऊन कडक असेल, दोन दिवसांत वाळतील, रंग जरा उतरेल एवढंच, असं त्या स्वतःशीच बोलत होत्या. सुकुमार त्यांच्याबरोबर उकिडवा बसून पसरू लागला. मास्तरांनी बांबूच्या बुंध्याशी दगड ठोकून तो सरळ केला, आणि मग त्याला गाठ शिकवली. सहाव्या खेपेला ती जमली. एक टोक ओढलं की सुटणारी.

निघायच्या वेळी तो दारात घुटमळला.

“मास्तर, एक विचारू?”

“इचार की.”

“समजा, वारा आधी आला. छत उघडंच राहिलं. मी ते हलू दिलं नाही. तीस हजार माणसं चिंब भिजली.”

“भिजतील.”

“दुसऱ्या दिवशी ती सगळी माझ्या ऑफिसच्या दारात येतील. एवढं डोंगराएवढं छत बांधलंत आणि आम्ही भिजलो कसे, म्हणून ओरडतील, शिव्या देतील. तीस हजार माणसं, मास्तर. त्यांना काय सांगू?”

मास्तरांनी मागे वळून बघितलं. अंगणात चाचींचा पट्टा पुन्हा सुरू झाला होता...

“आधी मोज,” ते म्हणाले. “तीस हजार भरले, एकबी कमी न्हाई, की च्या टाक.”