बाकीचं पुढच्या शुक्रवारी

बोरखिंडी गावात एक भोळा प्रोग्रॅमर राहत होता. नाव अभिमन्यू. महाभारतातल्या अभिमन्यूला आत शिरता यायचं, बाहेर पडता यायचं नाही. आमच्या अभिमन्यूला आत काय आणि बाहेर काय, सांगाल तेवढंच यायचं.

गावात कुंदाताईंची सहा माणसांची कंपनी होती. तिथे सलाईनचं यंत्र बनत होतं. यंत्राने औषध थेंब मोजून सोडायचं आणि नळीत हवेचा बुडबुडा आला तर घंटा वाजवायची. तालुक्याच्या दवाखान्याने ते घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच. तपासनिसांचं प्रमाणपत्र दिवाळीआधीच्या शेवटच्या शुक्रवारी, बाराच्या आत, दवाखान्यात पोचलं पाहिजे. नाही पोचलं तर कंपनीला टाळं. हे ताईंनी सगळ्यांना एकदा सांगितलं होतं, अभिमन्यूला दोनदा.

कामाला लावताना ताई म्हणाल्या, सगळं एकदम करत बसू नकोस. छोटे तुकडे कर, दर शुक्रवारी एक तुकडा हातात दे.

"लक्षात ठेवतो, ताई," अभिमन्यू म्हणाला. आणि तो ठेवायचा. खरी पंचाईत तीच होती.

शुक्रवारी चाचणी झाली. नळी गच्चीवरच्या टाकीला जोडली होती, खाली बादली होती. अभिमन्यूने बटण दाबलं. पाणी सुटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बादली भरली. टाळ्या थांबल्या, पाणी थांबेना.

"अरे, बंद कर."

"बंद करायचं पुढच्या शुक्रवारी आहे, ताई."

टाकी रिकामी झाल्यावर, साडीचा काठ पिळत, ताईंनी दुसरा धडा दिला. इथे माणसाच्या जिवाशी गाठ आहे, बाबा. आधी थांबवायचं बघावं, मग चालवायचं.

लक्षात ठेवतो, ताई.

पुढे घंटेची पाळी आली. ताईंनी मुद्दाम नळीत बुडबुडा सोडला. बुडबुडा आला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नळीभर फिरला आणि निघून गेला. घंटा गप्प. ती थांबवायची सोय अगदी उत्तम झाली होती. वाजायची सोय पुढच्या शुक्रवारी होणार होती.

ताईंनी कपाळाला हात लावला. इथून पुढे दोघांच्या सह्या घेतल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, अशी ताकीद मिळाली. लक्षात ठेवतो, ताई.

मग एका सोमवारी यंत्रातून धूर निघाला. अभिमन्यू शेजारीच बसला होता. त्याने शांतपणे कोरा कागद घेतला, वर 'प्लग काढण्याबाबत' असं लिहिलं आणि सह्या घ्यायला निघाला. पहिली सही भांडार सांभाळणाऱ्या बंडूनानांची लगेच मिळाली. ताई गेल्या होत्या बाजारात. त्या सापडेपर्यंत यंत्राचा कोळसा झाला, टेबलासकट. अर्जावर मात्र दोन्ही सह्या होत्या.

ताई ओरडल्या नाहीत. पायरीवर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अभिमन्यूला फार वाईट वाटलं. त्याने विचारलं, आता काय शिकू? ताई थकून म्हणाल्या, जे जे होईल ते वहीत लिही. लिहिलं नाही ते घडलंच नाही, असं तपासनीस मानतात.

तेव्हापासून त्याने सगळं लिहिलं. बादली लिहिली, बुडबुडा लिहिला, कोळसा लिहिला. 'ताई म्हणाल्या, हे साहेबांना दाखवू नकोस' हेही लिहिलं, वेळेसकट.

दुसरं यंत्र उभं राहिलं आणि शेवटच्या गुरुवारी तपासनीस कुलथेसाहेब आले. त्यांनी पहिल्यांदा वही मागितली. ताईंनी कुलदैवत आठवलं. साहेब तासभर वाचत होते. मग यंत्र चालवलं, थांबवलं, बुडबुडा सोडला. घंटा खणखणीत वाजली.

"वीस वर्षं वह्या वाचतोय," साहेब म्हणाले. "प्रत्येक वहीत यंत्र पहिल्या दिवसापासून शहाण्यासारखं वागतं. खरी वही आज पाहिली." आणि त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली.

ताईंनी अभिमन्यूला पेढा भरवला. शुक्रवारी सकाळी त्या यंत्र टेम्पोत चढवून घेत होत्या, म्हणून प्रमाणपत्र त्याच्याकडेच दिलं. म्हणाल्या, एवढा कागद दवाखान्यात नेऊन दे, आणि आजवर शिकवलंय त्यातलं काही विसरू नकोस.

तो काहीही विसरला नाही.

बाराला पाच मिनिटं असताना टेम्पो दवाखान्यापाशी पोचला. फाटक बंद. आतून मोठ्या सिस्टरांनी हात जोडले. ताई, कृपा करा, ते यंत्र आत आणू नका. त्यांच्या हातात कागदाची पट्टी होती. वर सरकारी मथळा, खाली एकच ओळ: 'सदर यंत्र रुग्णांसाठी धोकादायक'.

अभिमन्यू बाहेरच्या बाकावर बसला होता. मांडीवर वही, वहीवर कात्री.

"उरलेला कागद कुठाय?" ताईंनी धावत जाऊन विचारलं.

"तुकडे केले, ताई. कापायच्या आधी वॉचमनची आणि चहावाल्याची सही घेतली. थांबवणारा तुकडा आधी दिला. सगळं वहीत लिहिलंय."

त्याने खिशातून दुसरा तुकडा काढला आणि अभिमानाने उलगडून दाखवला. 'नाही. वापरास परवानगी आहे.'

ताईंनी झडप घातली. अभिमन्यूने तुकडा चटकन घडी करून परत खिशात ठेवला.

"असं काय करता, ताई," तो समजुतीने म्हणाला. "हा पुढच्या शुक्रवारी."